जुईच्या पोटात गेलेला कठडा

माझ्या मुलीने कुवेतच्या सालमियातल्या एका इमारतीचा कठडा खाल्ला. अख्खा, लोखंडासकट. बरं, लोखंड राहू द्या. वाढवून सांगायची मला खोड आहे. माहेरी नाशकात सगळे म्हणतात की माधवीने सांगितलेल्या गोष्टीला चारने भागायचं. पण ही गोष्ट भागू नका. तिच्या पोटाच्या एक्स-रेत जे पांढरे ठिपके दिसले ते कठड्याच्या रंगाचे पोपडे होते, आणि त्या रंगात शिसं होतं. जुई तेव्हा अडीच वर्षांची होती.

आमची इमारत इतकी जुनी की कुवेतमध्ये तेल सापडायच्या आधीच तिचं भाडं सुरू झालं असावं. मागे समुद्र. खारा वारा भिंतींना, दारांना, माणसांना सारखा चाटत असायचा. बैठकीच्या खिडकीला आतून कमरेएवढा लोखंडी कठडा होता, मुलं पडू नयेत म्हणून. वरून पांढरा, पोपडा निघाला की हिरवा, त्याच्याखाली निळा, आणि सगळ्यात खाली तांबडा. भाडेकरू गेला की हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, बादली घेऊन यायचा आणि जुन्या पोपड्यांवरच नवा हात मारायचा. खरवडायचं नाही, घासायचं नाही. मालकाचा हुकूमच तसा. त्या कठड्याला आमच्या आधीच्या सगळ्या भाडेकरूंची पुटं चढली होती.

माझा नवरा प्रसाद मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर आहे. संध्याकाळी कंपनीची बस त्याला खाली कोपऱ्यावर सोडते. ती बस दिसावी म्हणून जुई टाचा उंचावून कठडा धरून उभी राहायची आणि वाट बघता बघता दात लावायची. शिशाच्या रंगाला गोडसर चव असते म्हणतात. माझ्या मुलीला माझी खीर आवडत नव्हती, कठडा आवडत होता.

निदान सांगितलं तो दिवस

आधी पोट दुखायला लागलं. मग ती पांढरी पडली, चिडायला लागली, अशी चिडायची की शेजारचे लोक आमच्या दाराशी येऊन कान लावायचे. मला वाटलं हट्ट. प्रसादला वाटलं दाढा येतायत. माझ्या सासूबाई तेव्हा सिन्नरहून आमच्याकडे आल्या होत्या, त्यांना वाटलं दृष्ट. त्यांनी गालावरची काजळाची तीट वाढवत वाढवत चिंचोक्याएवढी केली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की जुई आता ‘बस आली’ म्हणत नाही. नुसतं बोट दाखवते. जी पोरगी दोन-दोन शब्दांची वाक्यं बोलत होती, ती एकेक शब्द कुठेतरी ठेवून विसरत चालली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई इजिप्तच्या होत्या. त्यांनी विचारलं, मुलगी माती खाते का? मी म्हटलं, बाई, इथे माती आहे कुठे, सगळी वाळूच तर आहे. त्या हसल्या नाहीत. रक्त घेतलं. दोन दिवसांनी फोन आला की बॅग भरून या.

शिसं म्हटल्यावर मला आधी शिसपेन्सिल आठवली. मी हसलेसुद्धा. मग प्रसादकडे बघितलं तर तो खुर्चीत बसल्या बसल्या लहान होत चालला होता. त्याला कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी लक्षात ठेवलंय, कारण तेवढं एकच वाक्य त्या दिवशी मला नीट ऐकू आलं. “मामा, रक्तातलं आपण काढू. डोक्यात जे झालं ते किती परत येईल, हे मी आज सांगणार नाही.”

तिकडे प्रत्येक आईला मामा म्हणतात. मी मान हलवली आणि विचारलं की पार्किंगचं तिकीट कुठे दाखवायचं. अशा वेळी तोंडातून काय निघेल सांगता येत नाही, तुमच्याही निघेल, लाजू नका.

वॉर्ड

त्या औषधाच्या कॅप्सूलला सडक्या अंड्याचा वास येतो. हे तुम्हाला कोणी आधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. नर्स ती उघडून आंब्याच्या रसात मिसळायची. पहिल्यांदा तिने उघडली तेव्हा प्रसाद खुर्चीवरून उडाला, जुईला खाटेवरून उचललं आणि दाराबाहेर पळाला. रिफायनरीत त्या वासाचा अर्थ एकच असतो, विषारी वायू सुटलाय, आधी पळा. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला, तिथे वाऱ्याची दिशा शोधत उभा राहिला. एसीच्या वाऱ्याची. केरळची ती नर्स इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग रोज कॅप्सूल उघडायच्या आधी ती हाक मारायची, “सर, बाहर जाइए, गॅस आ रहा है.” त्या वॉर्डात आम्हाला हसवणारी ती एकटीच होती. तिचं भलं होवो.

बाकी सगळं वाट बघणं. रक्त घ्यायला आले की जुई माझ्या बाहीत तोंड खुपसायची. आकडा खाली यायचा, आम्ही पेढे वाटायच्या बेतात असायचो, आणि पुन्हा वर चढायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शिसं हाडांत जाऊन बसतं आणि सवडीने बाहेर येतं. घर सोडून जायला तयार नसलेल्या भाडेकरूसारखं, असं मी म्हटलं. त्या वेळी घरमालकांबद्दल माझं मत अजून बरं होतं.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्या गोष्टी विचारल्या. हळद कुठली, भांडी कुठली, खेळणी कुठली, डोळ्यांत काय घालता. शेवटच्या प्रश्नाला सासूबाईंनी पिशवीतून काजळाची चांदीची डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरम्यात शिसं असतं, तपासायला हवं. बस, एवढंच. पण त्या दिवसापासून सासूबाई जेवेनात. जुईच्या खाटेपासून दूर, दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या. मी काही बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे घरात काय चाललंय हे प्रसादला कळतं. तो आईला समजवायचा, मग मला समजवायचा, मग जिन्यात जाऊन एकटाच उभा राहायचा. आजार एकाला होतो आणि घरातले सगळे खाटेवर पडतात.

तपासणीत डबी स्वच्छ निघाली. सासूबाईंनी पहिल्यांदा वरणभात खाल्ला, आणि दोनदा वाढून घेतला.

अत्तर

आम्ही वॉर्डात असताना शेजारणीचा फोन आला, तुमच्या घरात हारिस आणि एक वेल्डर शिरलेत. मी टॅक्सी करून गेले. ते कठडा कापायला आले होते. मालकाला मुलीची दया आली असेल असं समजू नका. एक्स-रेतले ठिपके कठड्याच्या रंगाचे आहेत असं डॉक्टरांचं पत्र त्याच्या ऑफिसात पोचलं होतं आणि पुरावा भंगारात पोचवायचा होता. मी दारातून जो आवाज लावला तो समुद्रावरून फैलाका बेटावर जाऊन उतरला असणार. वेल्डर यंत्र तिथेच टाकून पळाला. मी कुलूप बदललं आणि मग वकील केला.

आमच्या वकीलबाई कुवेतीच, करड्या केसांच्या, एका वाक्याच्या वर न बोलणाऱ्या. मालकाचे वकील म्हणजे उलटा प्रकार. ते खोलीत शिरायच्या आधी त्यांचं अत्तर शिरायचं, बसायचं, चहा मागवायचं, आणि मग ते यायचे. गोड माणूस. माझ्या मुलीच्या तब्येतीची इतक्या काळजीने चौकशी केली की मला वाटलं हे आमचेच वकील आहेत. आणि मग त्यांनी एकेक पाकळी उघडायला सुरुवात केली.

करारात तुम्ही सही केलीये की घर उत्तम स्थितीत मिळालं. बरं, रंगात शिसं असेलही, पण मुलीच्या रक्तातलं शिसं तेच कशावरून? हळदीत असतं. खेळण्यांत असतं. बाप रिफायनरीत जातो, बुटांवरून येत असेल. मी म्हटलं, हा कंट्रोल रूममध्ये बसतो, ह्याच्या अंगावर धूळ असेल तर कीबोर्डची. त्यांनी ते लिहून घेतलं. तुम्ही सुट्टीत भारतात गेला होतात, तिथून आलं असेल. आणि कठड्यातूनच गेलं असं मानलं, तर मूल कठडा चावत असताना आई काय करत होती?

ह्या प्रश्नावर प्रसादने माझा हात टेबलाखाली धरून ठेवला. प्रेमाने नव्हे, मी उठू नये म्हणून.

मग सगळ्यात सुगंधी पाकळी. मुलगी उशिरा बोलतेय, ते घराण्यातच असेल. म्हणून आईबापांच्या शाळेच्या गुणपत्रिका द्या. माझी दहावीची गुणपत्रिका! गणितात मी काठावरून अशी गेले की काठालाही कळलं नाही. तो कागद मी लग्नाच्या वेळी सासरी दाखवला नव्हता, तो आता अरबीत भाषांतर होऊन न्यायाधीशांपुढे जाणार होता.

मी वकीलबाईंना म्हटलं, हा माणूस वेडा आहे का? त्या म्हणाल्या, नाही, चांगला वाचलेला आहे. अमेरिकेत घरमालकांचे वकील हेच करत आलेत. मुलाच्या आजाराऐवजी मुलाच्या कुटुंबावर खटला चालवायचा. भिंतीची तपासणी टाळायची आणि आईची करायची. आता ही पद्धत इकडेही यायला लागलीये. चिडायचं असेल तर घरी चिडा, इथे फक्त विचारलेल्याचं उत्तर द्या. एवढी वाक्यं त्या एका दमात बोलल्या हे बघून मला भीती वाटली.

हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहून ठेवते. तुमच्यावर ही वेळ आली तर ते तुम्हाला मालकाबद्दल काहीच विचारणार नाहीत. तुमच्या डब्यांबद्दल, देवघराबद्दल, तुमच्या बुद्धीबद्दल विचारतील. तुम्हाला वाटेल आपणच गुन्हेगार. तसं वाटावं म्हणूनच विचारतात.

सासूबाईंची कृती

कोर्टाने एक सरकारी तज्ज्ञ नेमला. तो इंजिनिअर एका सकाळी आमच्या बंद घरात आला. आम्ही तोवर मंगफ भागात प्रसादच्या मित्राकडे राहायला गेलो होतो. जुईला मित्राच्या बायकोकडे ठेवलं आणि आम्ही तिघं पोचलो. अत्तरवाले होते, वकीलबाई होत्या, हारिस होता.

अत्तरवाल्यांनी कठड्याकडे पाठ केली आणि काजळ काढलं. दवाखान्याने तपासलेली डबी ठीक आहे, पण मुलीला लावायची डबी तीच कशावरून? आणि मग हारिसला पुढे केलं. हारिसने सांगितलं ते खरं होतं, हीच तर अडचण. सासूबाईंनी आल्यापासून जिन्यातल्या सगळ्या बायकांना त्या काजळाची कीर्ती सांगितली होती. त्यात मोत्याचं भस्म आहे, काश्मिरी केशर आहे, आणि त्यांच्या आजीपासून चालत आलेला चिमूटभर अस्सल सुरमा आहे. बायका डब्या घेऊन रांग लावायच्या. हारिसच्या बायकोनेही नेलं होतं.

सुरमा हा शब्द आला आणि अत्तरवाले हात पसरून म्हणाले, झालं, आजीबाईंनीच कबूल केलंय.

प्रसादने मान खाली घातली. वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे. त्या खिडकीशी उभ्या होत्या, नऊवारीचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. बाईचा सगळा रुबाब त्या काजळावर उभा होता. सिन्नरमध्ये लग्नघरातून बोलावणी यायची त्यांना त्या काजळासाठी. मला माहीत होतं त्यात काय असतं, कारण मी एकदा स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं होतं. पण मी सांगितलं असतं तर सुनेने सासूला खोटं पाडलं असतं, आणि कोर्टात ते किती टिकलं असतं कोण जाणे.

त्या मला म्हणाल्या, “माधवी, त्या साहेबांना इंग्रजीत सांग. नीट सांग, तुझं काही घालू नकोस.”

आणि तज्ज्ञाकडे बघत मराठीत बोलल्या. “एरंडेल तेलाचा दिवा लावायचा. वर तांब्याची वाटी उपडी धरायची. काजळी धरली की खरवडून त्यात घरचं तूप घालायचं. झालं. मोती नाही, केशर नाही, सुरमा मी जन्मात बघितलेला नाही. बायकांना सांगायचे ती सगळी फुशारकी.”

मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तज्ज्ञाने इंग्रजीत दोन प्रश्न विचारले आणि मग म्हणाला, इथेच करून दाखवा. सासूबाईंनी आमच्या मोकळ्या स्वयंपाकघरात, उरलेल्या एका वाटीत, सगळ्यांसमोर काजळ धरलं. अत्तरवाले म्हणाले, ही आजची कृती झाली. तज्ज्ञ म्हणाला, मग तुमच्याकडे कालची असेल तर ती दाखवा. 

मग त्याने शिसं मोजायचं बंदुकीसारखं एक यंत्र काढलं आणि कठड्याला टेकवलं. पडद्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही, पण तो माणूस एक पाऊल मागे सरकला आणि त्याने हातमोजे घातले. खाली पडलेले पोपडे पिशवीत भरताना त्याने मला मुलीची उंची विचारली. मी हात धरून दाखवली. हात बरोब्बर चावलेल्या जागेपाशी आला.

खाली उतरताना जिन्यात सासूबाई म्हणाल्या, आता बायका काय म्हणतील. मी म्हटलं, आई, वाढवून सांगायचं काम ह्या घरात माझं होतं, तुम्ही माझ्या पोटावर पाय देत होतात. त्या हसल्या. मग जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या. मीही बसले.

सही

न्यायालयाने करार रद्द केला आणि मालकाला घरातला सगळा जुना रंग काढायला सांगितलं. मालक वरच्या कोर्टात गेला. तोवर रंग काढायचं थांबलं. नुकसानभरपाईचा दावा अजून चालू आहे. जुई चार वर्षांची झालीये. आकडा खाली आलाय आणि खालीच राहिलाय. वाक्यं परत आलीत, पण तिच्या बरोबरीची मुलं पुढे निघून गेलीत, आणि ती किती गाठेल हे डॉक्टरीणबाई अजूनही सांगत नाहीत. आठवड्यातून दोनदा तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेते. तिथे माझी मुलगी एका चित्राकडे बोट दाखवते आणि शब्द शोधते. ती शोधत असताना मी गप्प बसते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड कामगिरी तीच.

मध्यंतरी अत्तरवाल्यांचा प्रस्ताव आला. रक्कम चांगली होती, बोलायला शिकवणाऱ्या बाईंची फी कित्येक वर्षं निघाली असती. अट एक. ह्या घराबद्दल, ह्या आजाराबद्दल कुठेही, कोणापाशीही, कोणत्याही भाषेत, तोंडी किंवा लेखी बोलायचं नाही. प्रसाद म्हणाला, सही करू. तो थकला होता. म्हणाला, माझी नोकरी ह्या देशात आहे, माझा व्हिसा ह्या देशात आहे, आणि माझी मुलगी उद्या शाळेत जाणार आहे. त्याचं एकही वाक्य चूक नव्हतं. मी म्हटलं, करू. सामानातले शेवटचे दोन डबे आणायला आणि माझ्याकडे उरलेली दुसरी चावी द्यायला मी एकटी गेले; पहिली करार रद्द झाल्यावर हारिसने नेली होती. कागद पर्समध्ये होता, वर माझं नाव छापलेलं, खाली जागा मोकळी.

दार उघडंच होतं. आत नवा रंग, पांढराशुभ्र, जुन्या पोपड्यांवर मारलेला. रायगडकडची एक मुलगी घर बघायला आली होती, पंचविशीची, डोक्यावरून ओढणी, कडेवर दात येण्याच्या वयाचं बाळ. नवरा सालमियातच दुकानात असतो म्हणाली. मला घरातलीच समजून तिने विचारलं, “ताई, घर कसा आहे? पाणी येतंय ना बरोबर?”

हारिस माझ्याकडे बघत होता. बाळाने कठड्याकडे हात टाकला आणि धरला.

मी पर्स खाली ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. वाढवलं नाही, कमी केलं नाही. एक्स-रेतले ठिपके सांगितले, कॅप्सूलचा वास सांगितला, हरवलेले शब्द सांगितले. अत्तरवाल्यांना ते संध्याकाळपर्यंत कळलं आणि प्रस्ताव मागे गेला. प्रसाद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने वकीलबाईंना फोन करून विचारलं की वरच्या कोर्टात कधी यायचं.

पण ते नंतर. तेव्हा त्या खोलीत ती मुलगी बाळाकडे वळली. तिने बाळाची बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली, ओढणीच्या टोकाने त्याचा तळवा पुसला, पुन्हा पुसला, आणि हारिसने दिलेली चावी त्याच्याच हातात ठेवून जिना उतरून गेली.